भेटायचे, पण कुठे?

मराठी माणसे दोनच कारणांसाठी आनंदाने एकत्र येतात, जेवायला आणि वाद घालायला, असे गमतीने म्हटले जाते. यातली अतिशयोक्ती सोडली तरी मेळावे, अधिवेशने, संमेलने, ज्ञातीच्या सभा, माजी विद्यार्थ्यांची स्नेहसंमेलने अशा नाना निमित्तांनी जमण्याची आपली हौस जुनी आहे आणि ती अजून ओसरलेली नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या हौसेला एक नवा फाटा फुटला. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही, पण जे एकमेकांना चांगले ओळखतात, अशा माणसांनी एकत्र येणे. ओळख इंटरनेटवर झालेली असते. कादंबऱ्यांवरून वर्षानुवर्षे वाद घातलेले असतात, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण किती यावर हमरीतुमरी झालेली असते, कुणाच्या घरच्या आजारपणात रात्री दोन वाजता विचारपूस झालेली असते. आणि मग एके दिवशी कुणीतरी लिहितो, ‘एकदा भेटूया का सगळे?’

‘भेटूया का?’ या प्रश्नाला दिवसभरात शंभर ‘हो’ येतात. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न असतो ‘कुठे?’ आणि तिथे सूर बदलतात. हा दुसरा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटतो. हॉल कुठला, जेवण काय, गाडी किती वाजता. माझे म्हणणे असे की, तो व्यवस्थेचा नाही, न्यायाचा आहे. भेटीची जागा, तिथी आणि वर्गणी ठरवताना आपण खरे तर कोण येणार आणि कोण येणार नाही, हेच ठरवत असतो. आणि हा निवाडा बहुतेक वेळा, आपण निवाडा करतो आहोत याची जाणीवही नसताना, पुण्या-मुंबईच्या सोयीने होऊन जातो.

मराठीत या प्रकाराला नावेही मिळाली आहेत. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावरच्या मंडळींनी ‘गेट टुगेदर’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘गटग’ असा सुटसुटीत शब्द पाडला आणि त्यांचा पावसाळ्यातला ‘वर्षाविहार’ हा वार्षिक रिवाज होऊन बसला. २००७ साली निघालेल्या ‘मिसळपाव’च्या मंडळींनी आपल्या भेटीला ‘कट्टा’ म्हटले. अमेरिकेतल्या मराठी वस्तीच्या शहरांतही असे गटग झाले. ज्यांना ही सारी रिकामटेकड्यांची चैन वाटते, त्यांना मी एवढेच सांगेन की, न पाहिलेल्या माणसाशी जडणारे मैत्र इंटरनेटने जन्माला घातलेले नाही. १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ ऐकणाऱ्या पिढीला झुमरीतलैया हे गाव कुठे आहे ते ठाऊक नव्हते, पण फर्माइशींच्या यादीतले ते नाव शेजारच्या आळीसारखे परिचयाचे होते. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी लोकांत मिसळायचे टाळत. पत्रांत मात्र ते भरभरून लिहीत, आणि त्यांची ती पत्रे आज मराठी वाङ्मयाचा मोलाचा भाग आहेत. सुनीताबाई देशपांडे आणि जी. ए. यांचा स्नेह मुख्यतः कागदावरच वाढला. तेव्हा अक्षरांतून झालेली ओळख ही कमअस्सल ओळख, असे निदान मराठी वाचकाने तरी म्हणू नये.

आता हा विषय माझ्या डोक्यात का घोळतो आहे, ते सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही काही जणांनी इंटरनेटवर जुनी मराठी पुस्तके मिळून वाचायला सुरुवात केली. दर महिन्याला एक पुस्तक, आणि मग त्यावर महिनाभर लेखी चर्चा. बघता बघता अडीचशेच्या आसपास माणसे झाली. त्यातली निम्मी पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक इथली. उरलेली निम्मी खानदेशातली, मराठवाड्यातली, थोडी वऱ्हाडातली. त्यांत शाळामास्तर आहेत, कृषी सेवा केंद्र चालवणारा एक जण आहे, निवृत्त कंडक्टर आहेत, एका कारखान्यात पाळीने काम करणारा पंचविशीचा मुलगा आहे. आमच्यात सर्वांत चांगले कोण लिहिते, असे विचारले तर बहुतेक जण एका बाईंचे टोपणनाव सांगतील. त्या मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. याहून अधिक त्यांनी सांगितलेले नाही आणि आम्ही विचारलेले नाही.

यंदा विभागीय मेळावा घ्यायचा, असे ठरले. लगेच दोन प्रस्ताव आले. पहिला कर्जतजवळच्या एका रिसॉर्टचा. शनिवार-रविवार मुक्काम, पोहायचा तलाव, रात्री शेकोटी, माणशी २,८०० रुपये. दुसरा मनमाडचा. रविवारचा एक दिवस, कार्यालयाचा हॉल, दुपारचे साधे जेवण, माणशी ४०० रुपये. मी मनमाडच्या बाजूचा आहे. मतदान अजून व्हायचे आहे, आणि ते आमच्या घरातले असले तरी त्यामागचा वाद आमच्यापुरता नाही. नाट्यवेड्यांचे, पक्षीनिरीक्षकांचे, गडकोट भटक्यांचे, मधुमेही मुलांच्या पालकांचे असे शेकडो समूह आज महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी ‘कुठे?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

या वादाला आपल्याकडे एक मोठा पूर्वज आहे. ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ ते. १८८५ साली दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी यायला नकार दिला आणि का येत नाही ते पत्राने कळवले. जे लोक सर्वांना माणूस म्हणून समान हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आमच्या चारशे रुपयांच्या मेळाव्याची त्या पत्राशी बरोबरी करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण त्यातून निघणारा एक धडा लहानमोठ्या सगळ्या सभांना लागू पडतो. निमंत्रण सगळ्यांना धाडले म्हणजे सभा सगळ्यांची होते, असे नाही. ‘आम्ही तर सर्वांना कळवले होते, आले नाहीत ते’ हे वाक्य आयोजकांच्या तोंडी फार लवकर येते.

कर्जतच्या रिसॉर्टचे उदाहरण घ्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते दोन तासांवर. किनवटच्या माणसाला तिथे पोचायला अख्खी रात्र आणि वर सकाळ. शनिवारचा मुक्काम म्हटला की शनिवारी सकाळची शाळा असलेला मास्तर गळाला. आठवड्याला एकच सुट्टी असलेला कारखान्यातला मुलगा गळाला. मुक्काम म्हटला की ‘कुणाकडे जातेस, कोण आहेत ही माणसे?’ या घरच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागणाऱ्या कितीतरी बाया गळाल्या. २,८०० रुपये आणि प्रवासखर्च म्हटल्यावर आणखी काही जण गळाले, आणि हे मात्र कारण सांगणार नाहीत; ‘त्या दिवशी घरी कार्य आहे’ असे लिहून मोकळे होतील. गाळून गाळून जे उरतील, ते एकमेकांना आधीच भेटणारे, एकाच प्रकारच्या सोसायट्यांत राहणारे, एकाच प्रकारच्या नोकऱ्या केलेले लोक. त्यांना भेटायला इंटरनेट कशाला हवे होते? कोथरूडच्या बागेत ते रोजच भेटतात.

मनमाडच का, असे विचारतील. मनमाडला नाव घेण्यासारखे पर्यटन नाही, हे कबूल. अनकाई-टनकाई हे जोडकिल्ले जवळ आहेत, ‘हडबीची शेंडी’ नावाचा अंगठ्यासारखा उभा सुळका गाडीतून दिसतो, नांदेडला जाणारे शीख यात्रेकरू जिथे थांबतात ते गुरुद्वारा आहे. पण मनमाडचे खरे वैभव म्हणजे तिथे रूळ येऊन मिळतात. मुंबईहून येणारा आणि भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग, दौंडकडून नगरवरून येणारा फाटा, आणि संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडून येणारी दक्षिण मध्य रेल्वेची लाइन. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड, नगर करत मनमाडला येते आणि पुढे जळगाव, भुसावळ, अकोला, नागपूरकडे जाते. पुणे-इंदूर रस्ता मनमाडवरून मालेगाव, धुळ्याकडे जातो, म्हणजे एसटीचीही सोय झाली. मनमाडला सगळ्यांनाच थोडी गैरसोय आहे, आणि मेळाव्याच्या जागेचा हाच मोठा गुण मानला पाहिजे. जी जागा काहींना अतिशय सोयीची असते, ती इतरांना हमखास अतिशय गैरसोयीची असते.

प्रवासाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. याउलट राज्याच्या एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत प्रवास मिळाला आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले. म्हणजे आमच्यातल्या वयस्कर मंडळींना आणि बायकांना परवडणारे वाहन कोणते, हे उघड आहे. तेव्हा मेळाव्याचे ठिकाण बसस्थानकापासून चालत जाता येईल असे हवे. मोटार असलेल्याच्या हे डोक्यातही येत नाही. तो ‘हायवेपासून फक्त सहा किलोमीटर आत’ असे सहज लिहून जातो. ते सहा किलोमीटर रिक्षावाला रविवारी दुपारी किती रुपयांना नेतो, हे मोटार नसलेल्यालाच ठाऊक.

तिथीचेही तसेच. शहरातले लोक कॅलेंडरात ‘लाँग वीकेंड’ शोधतात. आमच्या निम्म्या सदस्यांचे कॅलेंडर वेगळे आहे. दिवाळीच्या आगेमागे खानदेशात कापसाची वेचणी चालते. मार्च-एप्रिलात नाशिकच्या पट्ट्यात उन्हाळ कांदा निघतो आणि मास्तर लोक परीक्षा आणि पेपरांत बुडालेले असतात. मेमध्ये मनमाडला बोलावणे म्हणजे वैर साधणे. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई, मग हॉल मिळत नाही आणि माणसेही मिळत नाहीत. या सगळ्यांतून चाळून एक पौष महिना हाती लागतो. पौषात आपल्याकडे लग्ने लावत नाहीत. मंगल कार्यालये ओस पडलेली असतात, भाडे निम्म्यावर उतरते, आचारी मोकळा असतो, हवा थंड असते. संक्रांतीच्या आसपासचा रविवार धरला तर तिळगूळ हे आयते निमित्त. ज्या महिन्याला आपण अशुभ ठरवून ठेवले आहे, त्याच्याइतका न भेटलेल्या माणसांना भेटायला सोयीचा दुसरा महिना मला दिसत नाही.

आता पैशाबद्दल. बँकेत आयुष्य गेल्यामुळे या विषयावर माझे बोलणे थोडे रुक्ष होते, ते वाचकांनी सांभाळून घ्यावे. मेळाव्यांमधली भांडणे विचारांवरून क्वचित होतात, हिशेबावरून हटकून होतात. आणि त्यात कुणी पैसे खाल्लेले असतात असेही नाही. एका उत्साही माणसाच्या मोबाइलवर यूपीआयने सगळ्यांची वर्गणी जमा होते, त्याच खात्यातून त्याच्या घरचे वीजबिल जाते, हॉलवाल्याला रोख दिलेली असते, पावती हरवलेली असते, आणि तीन महिन्यांनी कुणी सहज विचारले की त्या भल्या माणसाचा अपमान होतो. बँकेत पैसे घेणारा एक आणि नोंद तपासणारा दुसरा, ही पद्धत माणसावर अविश्वास म्हणून नसते. प्रामाणिक माणसाला संरक्षण म्हणून असते. मेळाव्यालाही तोच नियम लावावा. वर्गणी घेणारा एक, खर्चाची वही ठेवणारा दुसरा, आणि मेळाव्यानंतर आठ दिवसांत, आलेल्या न आलेल्या सगळ्यांसमोर, पैन् पैचा हिशेब.

आमचा अंदाज असा आहे. सत्तर माणसे धरली. हॉलचे भाडे, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपकासह, ६,००० रुपये. सकाळचा नाश्ता, दोन वेळा चहा आणि जेवण मिळून माणशी २६० रुपये, म्हणजे १८,२०० रुपये. पाणी, फलक, किरकोळ १,८०० रुपये. एकूण २६,००० रुपये. आता ४०० ने भागून पाहा, पासष्ट येतात. म्हणजे सत्तरांतल्या पाच जणांकडून वर्गणी घ्यायची नाही, हे अंदाजपत्रकातच धरलेले आहे. हे पाच जण कोण, ते फक्त वर्गणी घेणाऱ्याला माहीत असेल. त्यांनी कुणाकडे अर्ज करायचा नाही, कुणी त्यांच्या नावाने टाळ्या वाजवायच्या नाहीत. उरलेल्या प्रत्येकावर याचा बोजा तीस रुपयांहून कमी पडतो. जो मेळावा तीस रुपयांसाठी पाच माणसे गमावतो, त्याने आपल्याला वाचकांचा मेळावा म्हणवून घेऊ नये.

हे काही माझे अव्वाच्या सव्वा स्वप्न नाही. विकिपीडियाचे काम करणारी जगभरची माणसे २००५ साली फ्रँकफर्टला पहिल्यांदा भेटली आणि तेव्हापासून, करोनाचा काळ वगळता, दर वर्षी कुठल्या तरी देशात भेटत आली. भारतातल्या विकिपीडियाकारांची पहिली राष्ट्रीय परिषद नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठात भरली. या जागतिक मेळाव्यांत दूरच्या सदस्यांना प्रवासवृत्ती देण्याची पद्धत आहे, आणि भेटीत एकमेकांशी कसे वागायचे याचे लेखी नियमही असतात. तिथे पैसा मोठा आहे, आपल्याकडे नाही. पण दूरच्याला आणण्याची जबाबदारी जवळच्याने घ्यायची, हे तत्त्व चारशे रुपयांतही पाळता येते.

वागण्याच्या नियमांची गोष्ट निघाली आहे, तर टोपणनावांबद्दल लिहिले पाहिजे. लेखनातून झालेल्या ओळखीत माणसाने आपल्याविषयी किती सांगायचे, हे त्याच्या हातात असते. प्रत्यक्ष भेटीत ते हातातून निसटते. आडनाव कळते, आडनावावरून आपल्याकडे आणखी काय काय कळते ते सांगायला नको. चपला कळतात, बोलीतला हेल कळतो, वय कळते. ज्या बाई टोपणनावाने आमच्या सगळ्यांपेक्षा सरस लिहितात, त्या मनमाडला आल्या तर त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर टोपणनावच असले पाहिजे, आणि ‘खरे नाव काय हो?’ असे कुणी विचारता कामा नये. न विचारता फोटो काढायचा नाही, काढला तरी न विचारता कुठे लावायचा नाही. स्वच्छतागृह आधी कुणीतरी जाऊन, विशेषतः एखाद्या बाईनेच जाऊन, पाहून यायचे. संध्याकाळी पाचच्या पुढे कार्यक्रम ताणायचा नाही, कारण शेवटची एसटी वक्त्यासाठी थांबत नसते. हे मुद्दे अंदाजपत्रकाखाली बारीक अक्षरांत घालायचे नाहीत. निमंत्रणात पहिल्या परिच्छेदात लिहायचे. ज्याला यायचे की नाही हे ठरवायचे आहे, त्याला हॉलच्या नावापेक्षा यांची गरज जास्त असते.

कार्यक्रमाचे म्हणाल तर प्रमुख पाहुणा नको. आपल्याकडे चार माणसे जमली की पाचवा पाहुणा बोलावल्याशिवाय राहवत नाही. तो उशिरा येतो, शाल-श्रीफळ घेतो, समूहाविषयी काही न वाचता तासभर बोलतो आणि जेवणाआधी निघून जातो. जी माणसे एकमेकांसाठी आली आहेत, त्यांना समोर ओळीत बसवून एकाकडे तोंड करायला का लावायचे? मी स्वतः लेखक म्हणून अशा खुर्च्यांवर बसलेला आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

त्याऐवजी वारीकडे पाहावे. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. गावोगावच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला, प्रत्येकीचा जेवणाखाण्याचा हिशेब वेगळा. पण मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती संध्याकाळची समाजआरती. तळावर पालखी आली की चोपदार चोप उंचावतो आणि सगळे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिची तक्रार ऐकून घेतली जाते, आणि मगच आरती होते. तक्रार करणाऱ्याला उभे राहून भाषण करावे लागत नाही. त्याने नुसते टाळ वाजवायचे. लाखोंच्या समाजाला जे जमते ते सत्तरांच्या मेळाव्याला जमायला हरकत नसावी. जेवणानंतर अर्धा तास असा ठेवावा की ज्यात समूहाविषयी ज्याला जे खुपते ते त्याने चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि त्या चिठ्ठ्या वाचल्याशिवाय आभारप्रदर्शन करू नये.

दुसरी बाजू मी ऐकलेली आहे आणि ती पोकळ नाही. कर्जतवाले म्हणतात, काम आम्ही करायचे, धावपळ आम्ही करायची, मग सोय आमची का नको? ते म्हणतात, एका दिवसात काय गप्पा होणार. रात्री शेकोटीभोवती माणूस मोकळा होतो तसा हॉलमध्ये होत नाही. आणि तिसरे, जे ते उघड बोलत नाहीत पण मला समजते: आठवडाभर राबलेल्या माणसाला सुट्टीत दोन दिवस चांगल्या जागी जावेसे वाटते, त्याला मनमाडच्या फलाटावरचा चहा कशाला? हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. शेकोटीची ओढ मलाही आहे. माझे म्हणणे एवढेच की, तिला सहल म्हणावे. दहा मित्रांनी कर्जतला जरूर जावे आणि मनसोक्त मजा करावी. तिला समूहाचा विभागीय मेळावा म्हणू नये. कारण मेळावा म्हटला की त्यात न आलेल्यांचाही वाटा असतो. आणि काम करणाऱ्यांच्या तक्रारीवर उपाय काम वाटून घेण्याचा आहे. मनमाड, मालेगाव, चाळीसगावचे सदस्य हॉल पाहायला, आचाऱ्याशी बोलायला तयार आहेत. आजवर त्यांना कुणी विचारले नव्हते.

शेवटी, येऊच न शकणाऱ्यांविषयी. कितीही न्यायाने जागा निवडली तरी अडीचशेतले सत्तरच येणार. उरलेल्या एकशे ऐंशींचे काय? माझ्या मते अशा समूहांना खरा धोका मेळाव्याच्या दिवशी नसतो, तो दुसऱ्या दिवशी सुरू होतो. भेटलेल्यांचा एक वेगळा व्हॉट्सअ‍ॅप गट निघतो. चर्चेत ‘त्या दिवशीचा बटाटेवडा’ असले विनोद येऊ लागतात, जे न आलेल्याला कळत नाहीत. पुढच्या वर्षी कुठले पुस्तक वाचायचे ते तिथे जेवताना ठरून गेलेले असते. भेटलेले आत आणि न भेटलेले बाहेर, अशी एक अदृश्य रेघ पडते, आणि काही महिन्यांत न भेटलेले लिहायचे बंद होतात. मग पाच-सहा वर्षे कागदावर, पडद्यावर जमवलेले गणगोत एका रविवारात विस्कटते.

म्हणून मी मतदानाच्या प्रस्तावात दोन ओळी घालायला सांगितल्या आहेत. पहिली: मेळाव्यात समूहाविषयी कोणताही निर्णय होणार नाही, जे सुचेल ते लेखी सगळ्यांपुढे ठेवले जाईल आणि पंधरा दिवसांनी ठरेल. दुसरी: मेळाव्याचा वृत्तान्त आलेल्यांनी नव्हे तर न आलेल्यांच्या प्रश्नांवरून लिहायचा. न आलेल्यांनी आधी प्रश्न पाठवायचे, मनमाडला ते वाचले जातील आणि उत्तरे लिहून येतील. ज्यांना जी. एं.सारखे माणसांत यायचेच नाही, त्यांचाही मान त्यात राहील. न येणे हा गुन्हा नव्हे, आणि न येणाऱ्याची जागा समूहात पूर्वी होती तेवढीच नंतरही राहिली पाहिजे.

पुण्याच्या एका मित्राने परवा विचारले, ‘मनमाडला एवढ्या लांब येईल कोण?’ त्याला मी म्हटले, लांब कुणापासून ते आधी सांग. मतदान पुढच्या रविवारी आहे. पौषातल्या तारखेसाठी कार्यालयवाल्याने तोवर जागा राखून ठेवली आहे, आणि त्यासाठी त्याने आगाऊ रक्कम मागितलेली नाही.